बारावी राहिलीय, बी.ए. करायचंय: बेळगाव सीमाभागातून कोणती वाट धरावी?

पस्तिशी-चाळिशी उलटलेलं माणूस ‘आता पुन्हा शिकायचंय’ म्हणालं की पहिली चौकशी फीची होते, दुसरी वयाची. परीक्षा कोणत्या भाषेत लिहायची हे विचारायचं सुचतं सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा फॉर्म भरून झाल्यावर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाने हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. वयाची अडचण फारशी येत नाही, मुक्त शिक्षणात वरची वयोमर्यादाच नाही. फीची तजवीज कशीबशी होते. भाषा चुकली तर मात्र पुस्तकं कपाटात पडून राहतात आणि माणूस ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणून स्वतःला बोल लावत बसतो.

आपल्याकडे एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळा आहेत, परीक्षा मराठीत देता येते. पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की मराठी उरते ती एका भाषाविषयापुरती. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे सगळं कन्नडमधून नाहीतर इंग्रजीतून. खासबाग-वडगावच्या माग चालवणाऱ्या घरांतल्या, निपाणीच्या विडी कामगारांच्या घरांतल्या, खानापूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी मुली नेमक्या त्या वळणावर थांबल्या. घरात कारण सांगितलं गेलं लग्नाचं, नाहीतर ‘डोकं चालत नव्हतं’ म्हणून. डोकं चालत होतं. ते चालायला लागणारी भाषा वर्गातून अचानक निघून गेली होती.

पुढची तुलना अशा वाचकासाठी आहे, ज्याची दहावी झाली आहे किंवा राहिली आहे, हाताला काम आहे, घर आहे आणि ज्याला मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांत बी.ए. करायचं आहे. कारण काहीही असो: बी.एड., बढती, पदवीधरांच्या स्पर्धा परीक्षा, किंवा नुसती मनात राहिलेली इच्छा. या शेवटच्या कारणाला लोक हसतात. मला तेच सगळ्यात टिकाऊ वाटतं.

बारावी टाळून जाणारी वाट

हा भाग आधी उरकतो, कारण अजूनही कुणीतरी सांगतंच, “बारावीची काय गरज, मुक्त विद्यापीठात डायरेक्ट होतंय की.” एकेकाळी होत होतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता, इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, सहा महिन्यांचा प्रिपरेटरी प्रोग्रॅम होता. तो उत्तीर्ण झालं की बी.ए.ला प्रवेश मिळायचा. शाळा सुटलेल्या हजारो प्रौढांना त्या दाराने आत घेतलं आणि त्याबद्दल मला आदरच आहे.

आता पदवीच्या पायरीवर बारावी हीच पात्रता धरली जाते. शिवाय पाया नसलेल्या पदवीकडे न्यायालय कसं बघतं हेही लक्षात ठेवावं. अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, आधीची पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी नेमणुकीसाठी ग्राह्य धरली नाही. ज्यांना पदवी नोकरीसाठी किंवा बी.एड.साठी लागणार आहे, त्यांनी बारावी रीतसर करावी. एखाद-दीड वर्ष जास्त जाईल. पण पुढे कोणत्याही टेबलावर कागद ठेवताना हात कापणार नाही.

बारावीची तीन दारं

पहिलं दार कर्नाटकचं. सेकंड पीयूला खासगी परीक्षार्थी म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत ‘बाहेरून’, बसता येतं. कला आणि वाणिज्यला ही सोय आहे. दोन भाषा आणि चार विषय, मिळून ६०० गुण. भाषांमध्ये मराठी घेता येते. २०२४ पासून वर्षात तीन परीक्षा घेतल्या जातात, त्यामुळे एखादा विषय राहिला तर अख्खं वर्ष वाया जात नाही. प्रौढ माणसासाठी ही मोठी सोय आहे, कारण मार्चमध्येच नेमकं घरात लग्न निघतं किंवा कुणीतरी आजारी पडतं. अडचण एकच आणि ती मघाशी सांगितलेली: चार विषयांची भाषा.

तरी हे दार सगळ्यांसाठी बंद आहे असं मी म्हणणार नाही. अंगणवाडीत काम करणाऱ्या, ग्रामपंचायतीत किंवा सहकारी संस्थेत कन्नड कागद रोज हाताळणाऱ्या बायका-पुरुषांची कन्नड अनेकदा त्यांना वाटते त्यापेक्षा चांगली असते. घरात मराठी आणि कामावर कन्नड अशी ज्यांची रीत आहे, त्यांनी मागच्या वर्षाची समाजशास्त्राची कन्नड प्रश्नपत्रिका समोर ठेवून बघावी. प्रश्न समजले आणि दोन-चार वाक्यं लिहिता आली, तर हेच दार सर्वांत जवळचं आणि कर्नाटकात राहून नोकरी करायची असेल तर सर्वांत कामाचं.

दुसरं दार एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं. १९८९ मध्ये ही संस्था राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. सीबीएसईसारखंच हे केंद्राचं मंडळ, त्यामुळे दोन्ही राज्यांत चालतं. बारावीला पाच विषय, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी, आणि परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एका वेळी एक किंवा दोन विषय देऊन मोकळं होता येतं. आधी दुसऱ्या मंडळाची बारावी दिली असेल आणि काही विषय पास झाले असतील, तर त्यांतल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इथे आणता येतात.

ज्यांची दहावीच राहिली आहे त्यांच्यासाठी तर एनआयओएससारखी दुसरी सोय नाही. शाळेचा दाखला हरवलेला, सहावी-सातवीत शिक्षण सुटलेलं, अशांनाही ‘मी दहावीचा अभ्यास करू शकतो’ अशा स्वतःच्या हमीवर प्रवेश मिळतो, आणि दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीला मात्र पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे मराठी माणसाला इथे हिंदीशी जमवून घ्यावं लागतं. कन्नड किंवा इंग्रजीच्या मानाने ते सोपं जातं: लिपी तीच, बरेच शब्द ओळखीचे. वाचायला अडत नाही. लिहायला मात्र अडतं, आणि ‘हिंदी येते की आपल्याला’ या भरवशावर परीक्षेला गेलेल्यांची तिथेच गाडी अडकते.

तिसरं दार महाराष्ट्राचं, सतरा नंबरचा फॉर्म. महाराष्ट्र राज्य मंडळाची बारावी बाहेरून, पूर्ण मराठीत. आपल्याला सर्वांत जवळचं कोल्हापूर विभागीय मंडळ. पुस्तकं मराठीत, प्रश्नपत्रिका मराठीत, मार्गदर्शकं मराठीत, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. भाषेच्या कसोटीवर या दाराला तोड नाही. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा आहे, आणि शाळा सोडून वीस वर्षं झालेल्यांना सगळ्यात जास्त तोच घाबरवतो.

इथली अडचण कागदपत्रांची. एसएसएलसी कर्नाटकची, आधारवर पत्ता कर्नाटकचा, शाळा सोडल्याचा दाखला कर्नाटकचा, कधी कन्नडमधला. संपर्क केंद्र म्हणून चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडचं एखादं कनिष्ठ महाविद्यालय निवडायचं असेल, तर ऑनलाइन अर्ज भरण्याआधी सगळे मूळ कागद घेऊन तिथे आणि विभागीय मंडळात स्वतः जाऊन या. पैसे घेऊन ‘आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. तोंडी हो मिळालं तर कोणत्या कागदांच्या आधारावर मिळालं ते लिहून घ्या. अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी, पावसाळ्याच्या आसपासच संपते, आणि दरवर्षी कुणीतरी दिवाळीनंतर विचारायला येतं.

माझा कौल असा. कागद जुळत असतील आणि सीमेपलीकडे चार-सहा फेऱ्या होत असतील तर सतरा नंबर. कागद अडत असतील, वेळ तुकड्यातुकड्याने मिळत असेल, किंवा दहावीपासून सुरुवात करायची असेल तर एनआयओएस. कन्नड हाताखालची असेल तर बेधडक पीयू. आणि तिन्हीपैकी कोणतंही दार निवडा, विषय समजून घ्यायला महाराष्ट्राची मराठी पुस्तकंच आधी वाचा. राज्यशास्त्र एकदा आपल्या भाषेत कळलं की हिंदी किंवा कन्नड पुस्तक अर्ध्या वेळात वाचून होतं. उलट्या क्रमाने केलं तर दोन ओझी एकदम उचलावी लागतात, विषयाचं आणि भाषेचं.

पदवीला कुठे?

बारावी हातात आली की पाच ठिकाणं समोर येतात.

घराजवळचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, २०१० मध्ये स्थापन झालेलं. त्याच्या अखत्यारीतली महाविद्यालयं बेळगाव शहरात आहेत, खानापूर-निपाणीकडेही आहेत. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयासारख्या जुन्या ठिकाणी मराठी विषय शिकवला जातो, आणि विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभागही आहे, त्यामुळे पुढे एम.ए. करायची वाट इथेच निघते. कर्नाटकने चार वर्षांची पदवी सोडून २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची केली आहे. अट एकच, पण भारी: नियमित वर्ग, ७५ टक्के हजेरी. ज्यांचं काम दुपारनंतर सुरू होतं, किंवा ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, त्यांनी हा पर्याय ‘आता या वयात पोरांच्यात कुठे बसायचं’ म्हणून झटकून टाकू नये. शिक्षक समोर असणं, वर्गात प्रश्न विचारता येणं, ग्रंथालयाचं कार्ड मिळणं, याला दूरशिक्षणात पर्याय नाही. अठरा वर्षांच्या मुली पहिल्या आठवड्यात बिचकतात, महिन्याभरात ‘अक्का, नोट्स दे की’ म्हणायला लागतात. मराठीशिवायचे विषय मात्र इथेही कन्नड किंवा इंग्रजीतूनच.

म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चं. राज्याचं विद्यापीठ, हजेरीची कटकट नाही, कर्नाटकातल्या सरकारी नोकरीत असलेल्यांना सोयीचं. माध्यम कन्नड किंवा इंग्रजी. म्हणून ज्यांनी पीयू कन्नडमधून केली त्यांच्यासाठीच हे मी सुचवेन. या विद्यापीठाची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१५ मध्ये काढली होती आणि २०१८ मध्ये ती परत मिळाली. मधल्या काळात ज्यांचे कागद अडकले त्यांना झालेला त्रास अनेकांनी जवळून बघितला आहे. आज मान्यता आहे, पण या प्रकरणातून एक सवय लावून घ्यावी: कोणत्याही विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अर्ज भरण्याआधी, त्या वर्षाच्या यूजीसीच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव बघायचं. विद्यापीठ मोठं आहे एवढ्यावर थांबायचं नाही.

इग्नू, १९८५ पासूनचं. बेळगाव जिल्हा इग्नूच्या विजयपूर प्रादेशिक केंद्राखाली येतो, म्हणजे मोठं काम अडलं तर दोनशे किलोमीटर. मात्र बहुतेक कामं ऑनलाइन होतात. प्रवेश जानेवारी आणि जुलै, परीक्षा जून आणि डिसेंबर. बी.ए. कमीत कमी तीन वर्षांत, जास्तीत जास्त सहा. गुणांचा ३० टक्के वाटा स्वाध्यायांना, ७० टक्के परीक्षेला. मला इग्नूची पुस्तकं मनापासून आवडतात. एकट्याने वाचणारा वाचक डोळ्यासमोर ठेवून ती लिहिलेली आहेत: प्रत्येक घटकाच्या शेवटी ‘आपली प्रगती तपासा’, मग उत्तरांसाठी सूचना. इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर ती कुणालाही फुकट वाचता येतात, विद्यार्थी असा वा नसा. इंग्रजी किंवा हिंदीवर हात बसलेल्या, किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे उद्या हुबळी, पुणे, गोवा कुठेही जावं लागू शकतं अशा माणसाला याहून सोयीचं काही नाही. मराठीतून लिहायचं असेल तर मात्र हे आपलं ठिकाण नव्हे.

राहिली महाराष्ट्रातली दोन. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, एनआयओएस जन्मली त्याच १९८९ सालचं, आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९६२ चं, ज्याचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडे बी.ए. मराठीतून. मुक्त विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र कोल्हापुरात आहे. राज्य विद्यापीठांना आपलं अभ्यास केंद्र दुसऱ्या राज्यात काढता येत नाही, त्यामुळे बेळगावात बसून ही सोय मिळणार नाही. केंद्र सीमेपलीकडचंच घ्यायचं, परीक्षाही तिकडेच.

दोघांत फरक काय? मुक्त विद्यापीठ प्रौढांसाठीच काढलेलं आहे. त्याची पाठ्यपुस्तकं सोपी, उदाहरणं शेतीतली, बाजारातली, आणि पहिल्यांदा पदवीला येणाऱ्याला धीर देणारी. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण नियमित बी.ए.च्या अभ्यासक्रमाच्या जास्त जवळ चालतं. पुढे तिथेच एम.ए. करायचा, संशोधनाकडे जायचा विचार असेल तर मी शिवाजी विद्यापीठ सुचवेन. वाचनाची सवय अजून लागायची असेल तर मुक्त विद्यापीठ. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने काही सवलती ठेवलेल्या आहेत. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि आपल्या अभ्यासक्रमाला त्यातलं काय लागू होतं, हे प्रवेशाच्या वेळी लेखी विचारावं. येळ्ळूर-कडोलीकडच्या लोकांना यादी तोंडपाठ असते, शहरातल्यांना बऱ्याचदा ती ठाऊकही नसते.

दूरशिक्षणाची पदवी कमी प्रतीची, हा समज काढून टाका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. बी.एड.ला जायचं असेल तर पदवीला साधारण ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते. म्हणून ‘कसंही करून पास’ हे ध्येय ठेवलं तर शिक्षक व्हायची वाट आपणच अरुंद करून ठेवतो.

बसचा खर्च, विशेषतः बायकांसाठी

फीचे आकडे दरवर्षी बदलतात, ते संकेतस्थळावर बघता येतात. प्रवासाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या सरकारी बसने राज्यात फुकट प्रवास आहे. म्हणजे खानापूर किंवा हुक्केरीहून बेळगावच्या महाविद्यालयात रोज येणाऱ्या बाईचा प्रवासखर्च शून्य. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, निपाणीहून चाळीसच्या आसपास. सलग आठवडाभर पेपर असतील तर बेळगावच्या बाईने कोल्हापुरात नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच बघावी. सकाळी दहाच्या पेपरला पहाटेची बस धरून, घाटात ट्रक अडकला तर काय, या धास्तीत उत्तर सुचत नाही. निपाणीकरांना हा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, आणि महाराष्ट्राची वाट मी त्यांना डोळे झाकून सुचवतो.

प्रवेश झाला, आता खरी तयारी

इथे मला जरा थांबायचं आहे. दार कोणतंही निवडा, प्रौढ विद्यार्थ्याची अडचण एकाच जागी येते. बोलायला येतं, लिहायला येत नाही.

आमच्या गल्लीत संध्याकाळी काही जण मिळून अभ्यासाला बसतो. त्यात खासबागेतल्या एक वैनी आहेत, दिवसभर शिलाई मशीनवर असतात. एकदा प्रश्न होता: सत्यशोधक समाजाच्या कार्याचा आढावा घ्या. वैनींनी तीन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं. “सगळं ठाऊक हाय हो, पण लिहायला बसलं की हात चालत नाही.” म्हटलं, लिहू नका, सांगा. मग त्या जवळजवळ अर्धा तास बोलल्या. फुल्यांनी १८७३ मध्ये समाज काढला इथपासून, भटजीशिवाय लग्न कसं लावत, घरचा हौद सगळ्यांसाठी कसा खुला केला, सावित्रीबाईंवर लोक शेण कसं टाकत, आणि मग एकदम कोल्हापूर: शाहू महाराजांनी हीच गोष्ट राजवाड्यातून कशी पुढे नेली, १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी कशा राखल्या. त्यांच्या आजोळी, कागलकडे, हे सगळं घरात बोललं जायचं.

शेजारच्या मुलीने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी ऐकत ऐकत आम्ही त्यातले पाच मुद्दे काढले: स्थापना आणि हेतू, धार्मिक विधींतला बदल, शिक्षण, अस्पृश्यतेविरुद्धचं काम, पुढचा प्रभाव. प्रत्येक मुद्द्याखाली त्यांच्याच तोंडची तीन-चार वाक्यं, फक्त ‘मग काय झालं’, ‘तर हे असं’ वगळून. दीड पान भरलं. त्यात त्यांना ठाऊक नव्हतं असं एकही वाक्य नव्हतं. परीक्षकाला हवं असतं ते हेच: मुद्दा, त्याला आधार, मग पुढचा मुद्दा. आयुष्यभर ग्रामसभेत, बचत गटात, भावकीच्या बैठकीत मुद्दे मांडणाऱ्या माणसांना हे जमत नाही असं कसं होईल? त्यांना फक्त कागदावरची रीत कुणी दाखवलेली नसते.

दुसरी गोष्ट हाताची. तीन तास सलग लिहायची सवय शाळेबरोबर सुटलेली असते. पाऊण तासात बोटं आखडतात, अक्षर वाकडं होतं, आणि येत असलेला शेवटचा प्रश्न राहून जातो. प्रवेश घेतल्या दिवसापासून रोज एक पान हाताने लिहा. काहीही लिहा, वर्तमानपत्रातला अग्रलेख आपल्या शब्दांत लिहिला तरी चालेल. परीक्षेच्या आधी दोन महिने जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. मोबाइलवर टाइप करण्याची सवय झालेल्यांना तर याची जास्तच गरज आहे.

तिसरी गोष्ट वाचनाची. इतिहासाच्या पुस्तकातलं राष्ट्रीय चळवळीचं प्रकरण बेळगावकराने आपल्या गावातून वाचावं. टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ मध्ये बेळगावातच केली. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, १९२४ चं, तेही इथलंच. टिळकवाडीत त्या वेळी खणलेल्या काँग्रेस विहिरीवरून रोज जाणाऱ्याला ते साल वेगळं पाठ करावं लागत नाही. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन बेळगावात झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला, हे राज्यशास्त्रातल्या भाषावार प्रांतरचनेच्या उत्तराला थेट उपयोगी पडतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे दर वर्षी गावची साहित्य संमेलनं भरतात. मराठी विषय घेतलेल्यांनी तिथली भाषणं वही घेऊन ऐकावीत. मुद्देसूद बोलणं कसं असतं आणि भरकटणं कसं असतं, दोन्ही एकाच मंडपात ऐकायला मिळतं.

कुणी काय करावं

दहावी झालेली, मराठी शाळेतली, निपाणी-चिकोडीकडची बाई: सतरा नंबरने बारावी, मग मुक्त विद्यापीठातून किंवा शिवाजी विद्यापीठातून बी.ए. सगळं मराठीत, सगळं चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर.

खानापूर तालुक्यातली, दहावी राहिलेली, कागदपत्रं अपुरी असलेली: एनआयओएस दहावी मराठीत, बारावी हिंदीत. इथे घाई नको, पाच वर्षांची मुदत आहे, तीन वर्षांत दोन्ही झालं तरी उत्तमच. बारावी हाती आल्यावर पदवीचा निर्णय घ्यावा. तोपर्यंत हिंदी लिहायला सराईत झाली असेल तर इग्नू, नसेल तर शिवाजी विद्यापीठ.

अंगणवाडी सेविका किंवा कर्नाटकातल्या कोणत्याही खात्यात बढतीची वाट बघणारी: पीयू कन्नडमधून, मराठी एक भाषा म्हणून, आणि पुढे म्हैसूरचं मुक्त विद्यापीठ. हिला मराठीचा आग्रह धरायला मी सांगणार नाही. तिच्या रोजच्या कामाची भाषा कन्नड आहे आणि खात्यातल्या परीक्षाही त्याच भाषेत होणार.

उद्यमबागेत फौंड्रीत पाळीने काम करणारा, बारावी झालेला: इग्नू, फक्त इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकाची पन्नास पानं आधी ई-ज्ञानकोशावर वाचून बघून. पाळी बदलत राहते, त्यामुळे ठरावीक रविवारी सीमेपलीकडे संपर्क सत्राला जाणं त्याला जमत नाही.

सकाळी मोकळा वेळ असलेली, बेळगाव शहरात राहणारी, बारावी झालेली, आणि मराठी साहित्याची ओढ असलेली: नियमित महाविद्यालय. बाकीचे सगळे पर्याय तिने बाजूला ठेवावेत. इतिहास इंग्रजीत जड जाईल. तरी मराठीच्या तासाला शिक्षकांसमोर बसायला मिळणं ही संधी बाकी चौघांपैकी कुणाला मिळणार नाही.

दूरशिक्षणाला जाणाऱ्यांसाठी एक शेवटचा व्यवहार. आता अर्जाआधी डिजीलॉकरवरून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढावा लागतो, मग यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी (डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो) आयडी. दोन्हीसाठी आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधारवर नाव आणि आडनाव बदललेल्या बायकांचं इथेच अडतं, आणि प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात ते दुरुस्त होत नाही. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, यांपैकी काय लागेल ते विचारून हे काम उन्हाळ्यातच करून टाका. विद्यापीठ कोणतं हे त्यानंतर ठरवलं तरी चालतं.